क्रॉनिक की इलमॅटिक? न्यूयॉर्कच्या फूटपट्टीने लॉस एंजेलिस मोजणं थांबवा

कॅसेटवाला

नव्वदच्या दशकातल्या हिप-हॉपची कुठलीही यादी काढा. 'इलमॅटिक' वर, आणि 'द क्रॉनिक' त्याच्या चार-दोन पायऱ्या खाली. हे इतकं ठरून गेलंय की त्यावर कोणी भांडतही नाही. म्हणून मी भांडतो. अल्बम म्हणून डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' (डिसेंबर १९९२) हा नाझच्या 'इलमॅटिक'पेक्षा (एप्रिल १९९४) मोठा आहे. नाझ रॅपर म्हणून ड्रेच्या कितीतरी पुढे आहे, हे आधीच मान्य करून टाकतो, त्यावर कोणी प्रतिसाद वाया घालवू नये. प्रश्न अल्बमचा आहे.

ज्यांनी दोन्ही ऐकले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रे कॉम्प्टनचा, म्हणजे लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडचा. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटातून बाहेर पडल्यावर, गटातल्याच ईझी-ईशी वाजल्यावर, त्याने डेथ रो या नव्या कंपनीतून स्वतःचा पहिला अल्बम काढला आणि त्यात स्नूप डॉगी डॉग नावाच्या लाँग बीचच्या २१ वर्षांच्या पोराला निम्म्याहून जास्त ट्रॅकवर पुढे केलं. नाझ, म्हणजे नासिर जोन्स, न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज या सरकारी घरांच्या वसाहतीतला. त्याने विसाव्या वर्षी दहा ट्रॅकचा, जेमतेम ४० मिनिटांचा अल्बम काढला आणि समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

'द सोर्स' हे तेव्हा हिप-हॉपचं सगळ्यात वजनदार मासिक. निघायचं न्यूयॉर्कमधून. पाच माइक म्हणजे पैकीच्या पैकी. 'इलमॅटिक'ला पाच मिळाले, 'क्रॉनिक'ला साडेचार. तो अर्धा माइक कुठे गेला? माझ्या मते शब्दांच्या खात्यात कापला गेला. ही कला न्यूयॉर्कमध्ये जन्मली, त्यामुळे कसोट्याही न्यूयॉर्कनेच ठरवल्या: यमक ओळीच्या आत किती वेळा येतं, उपमा किती ताजी, श्वास कुठे लपवला. या कसोट्यांवर नाझ पहिला येणारच. पण मी हेडफोन लावतो तेव्हा वही-पेन घेऊन बसत नाही.

'नथिंग बट अ जी थँग' लावा. लिऑन हेवूडच्या १९७५ च्या गाण्याची ती सुस्त, पाय पसरून बसलेली चाल. ढोलाचे ठोके बऱ्याचदा जुन्या रेकॉर्डवरून उचललेले असले, तरी बास, गिटार, कीबोर्ड हे ड्रेने स्टुडिओत माणसं बसवून पुन्हा वाजवून घेतले. कॉलिन वुल्फचा बास ऐका. तळाला तो बास, अगदी वर सिंथची शिट्टीसारखी रेघ, आणि मधला सगळा पट्टा मोकळा. त्या मोकळ्या जागेत स्नूप. तो ओरडत नाही. तोवर मोठा रॅपर म्हणजे माइकवर तुटून पडणारा, असा समज होता. हा पोरगा ओट्यावर बसून गप्पा मारल्यासारखा बोलतो आणि ठोक्याच्या किंचित मागे राहून कुठेही घसरत नाही.

आणि काळ बघा. २९ एप्रिल १९९२ ला रॉडनी किंगला मारणारे पोलीस निर्दोष सुटले, शहर पेटलं. साडेसात महिन्यांनी हा अल्बम बाजारात. त्यातल्या एका ट्रॅकवर दंगलीच्या दिवसांतल्या माणसांचे खरे आवाज आहेत. त्याच अल्बमवर 'लेट मी राइड'चं उन्हात गाडी काढून निवांत फिरणं आहे. जळालेल्या शहरातल्या पोरांना निवांतपणाचं इतकं वेड का लागावं, हे ड्रे शब्दांत सांगत नाही. बासमध्ये सांगतो. ज्यांना फक्त ओळी मोजता येतात त्यांना ते ऐकू येत नाही.

या, आता तुटून पडा.

जर्सीकर

आलोच.

कॅसेटवाले, तुम्ही एक चलाखी केलीत. 'इलमॅटिक' म्हणजे शब्द आणि 'क्रॉनिक' म्हणजे संगीत अशी वाटणी आधी करून घेतलीत आणि मग म्हणालात की अल्बम म्हणजे संगीत. पण 'इलमॅटिक'चं संगीत कोणी केलंय? डीजे प्रीमिअर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. त्या वेळच्या न्यूयॉर्कमधले जवळजवळ सगळे मोठे हात एकाच पोरासाठी एकत्र आले. तोवर एका अल्बमला एक प्रोड्यूसर, फार तर एक चमू, अशीच पद्धत होती. इथे पाच वेगळी माणसं असूनही अल्बम एका खोलीत झाल्यासारखा वाटतो. ही किमया संगीताची नाही तर कशाची?

'द वर्ल्ड इज युवर्स'मधला अहमद जमालचा पियानो घ्या. पीट रॉकने त्यातला एवढासा तुकडा घेतला आणि तो फिरत राहतो, सकाळी खिडकी उघडल्यासारखा. 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी कॉर्नेट वाजतो तो नाझच्या वडिलांचा, ओलू दारांचा. ते जॅझ-ब्लूजमधले वादक. मुलगा विशीत आल्याबद्दल रॅप करतो आणि बाप शब्द न बोलता त्याला उत्तर देऊन निघून जातो. तुमचं ते 'बासमध्ये सांगणं' इथेही आहे बरं का.

आता 'क्रॉनिक'चा दुसरा भाग ऐकू. तासाभराच्या अल्बममध्ये शेवटची २० मिनिटं कोण मनापासून ऐकतं? 'ट्वेंटी डॉलर सॅक पिरॅमिड' हा टीव्हीवरच्या खेळाची नक्कल करणारा विनोदी तुकडा तुम्ही दुसऱ्यांदा कधी ऐकलात? 'इलमॅटिक'मध्ये काढून टाकावं असं काही नाही. दहा म्हणजे दहा. त्यातलाही पहिला ट्रॅक नुसती प्रस्तावना, म्हणजे खरी गाणी नऊच.

पेनाला कमी लेखताय म्हणून 'वन लव्ह'चं तिसरं कडवं. पहिली दोन कडवी म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं: तुझा पोरगा तुझ्यासारखाच दिसतो म्हणे, तुझी बायको भेटायला येत नाही, बाहेर कोण कोणाबरोबर फिरतंय. तिसऱ्यात तो स्वतः वसाहतीत परततो आणि बाकावर एक बारा वर्षांचा पोरगा भेटतो. क्रॅक (स्वस्त कोकेन) विकतोय, हसतोय, मोठ्यांसारखं बोलतोय. नाझ त्याला उपदेश करतो, पण स्वतःच्याच उपदेशावर त्याचा फार विश्वास नाही हे ऐकणाऱ्याला कळतं. तीन कडव्यांत तुरुंगाच्या आतली आणि बाहेरची पिढी. मी क्वीन्सब्रिजवरून मेट्रोने जातो. सहा मजली तपकिरी विटांच्या इमारतींची रांग, तीन हजारांवर घरं. नाझच्या आधी त्या इमारती बघणाऱ्याला फक्त इमारती दिसायच्या.

आणि 'सोर्स'च्या पक्षपाताबद्दल: १९९० मध्ये आइस क्यूबच्या 'अमेरिकाज मोस्ट वाँटेड'ला त्याच मासिकाने पाच माइक दिले होते. क्यूब लॉस एंजेलिसचाच ना?

ता.क. ज्या पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडच्या जिवावर तुमचा 'लेट मी राइड' उभा आहे, त्या जॉर्ज क्लिंटनच्या मंडळींची सुरुवात न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डच्या न्हाव्याच्या दुकानात झाली. माझ्या घरापासून गाडीने जवळच. पश्चिम किनाऱ्याचा आवाज म्हणे!

पेठेतला फंकी

जर्सीकरांशी बाडिस, म्हणजे पूर्ण सहमत. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कॅसेटवाला

@जर्सीकर, आइस क्यूबचं नाव काढलंत ते बरं केलंत. तो पाच माइकवाला अल्बम करायला क्यूब न्यूयॉर्कला गेला होता, तिथल्या पब्लिक एनिमी या गटाच्या बॉम्ब स्क्वॉड नावाच्या प्रोड्यूसर चमूकडे. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या माणसाला पूर्ण गुण मिळाले, ते न्यूयॉर्कचा आवाज वापरल्यावर. माझाच मुद्दा झाला की.

प्लेनफिल्डचं खरं आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण क्लिंटनचं फंक न्यू जर्सीच्या रॅपरांना १५ वर्षं हाकेच्या अंतरावर होतं. त्यांनी त्याचं हे का केलं नाही? सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधले तुकडे, घेतले, कापले, वर ओरडले. त्याला सावकाश चालवायचं आणि गाडीच्या डिकीतल्या मोठ्या स्पीकरसाठी पुन्हा वाजवून घ्यायचं हे ड्रेला सुचलं. लॉस एंजेलिसमध्ये माणूस गाणं गाडीत ऐकतो, न्यूयॉर्कमध्ये चालताना किंवा ट्रेनमध्ये कानात घालून. दोन्ही अल्बमांत हा फरक पहिल्या मिनिटाला ऐकू येतो.

दुसरा भाग ढिला आहे? आहे. 'हाय पॉवर्ड' मीही पुढे ढकलतो. तरी मोठ्या अल्बमचा पसारा मला चालतो. 'क्रॉनिक'वर माणसांची जत्रा आहे: स्नूप, डॅझ, कुरप्ट, आरबीएक्स, लेडी ऑफ रेज, नेट डॉग, मागे वॉरन जी. 'इलमॅटिक'वर नाझ एकटा आहे, ए.झेड. हा रॅपर सोडला तर कडवं म्हणणारा पाहुणाच नाही. एका पोराची खिडकी आणि एक अख्खी गल्ली, यातली मी गल्ली निवडतो.

खर्डेघाशी

त्या जत्रेतल्या किती जणांनी ड्रेचे शब्द लिहिले तेही सांगा की. स्वतःच्या अल्बमवर ड्रे जे बोलतो त्यातलं पुष्कळ स्नूपचं आणि द डी.ओ.सी.चं लिखाण. डी.ओ.सी. बिचारा टेक्ससचा, डॅलसचा. १९८९ च्या गाडीच्या अपघातात त्याचा गळा गेला, म्हणून तो दुसऱ्यांसाठी लिहीत बसला. कुरप्ट फिलाडेल्फियाचा, लेडी ऑफ रेज व्हर्जिनियाची. मग हा 'लॉस एंजेलिसचा अल्बम' नक्की कोणाचा?

कॅसेटवाला

@खर्डेघाशी, लता मंगेशकरांनी गीतं लिहिली नाहीत म्हणून गाणं त्यांचं नाही असं तुम्ही म्हणणार का? आणि ड्रे तर इथे मुख्यतः संगीतकार आहे. रॅपरने स्वतःचंच लिहिलं पाहिजे हाही न्यूयॉर्कचाच नियम, बघा.

सई_ना

दोन्ही बाजू वाचल्या. इतका वेळ सगळे बास आणि यमक मोजताय, पण 'क्रॉनिक'च्या शेवटच्या ट्रॅकबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. मुखपृष्ठावर नाव न छापलेला तो ट्रॅक बायकांबद्दल काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि हे शब्द हवेतून आलेले नाहीत. १९९१ च्या जानेवारीत ड्रेने डी बार्न्स या टीव्ही निवेदिकेला एका पार्टीत मारहाण केली होती. खटल्यात त्याने आरोप लढवले नाहीत, आणि बायकांना दुखावल्याची जाहीर माफी मागायला २०१५ उजाडावं लागलं. त्या मारहाणीनंतर दोन वर्षांच्या आत आलेल्या अल्बमचा 'निवांतपणा' मला तरी निवांत वाटत नाही. तो निवांतपणा कोणासाठी होता, हा प्रश्न अल्बमच्या आतला आहे, बाहेरचा नाही.

गंमत म्हणजे त्याच अल्बमवर लेडी ऑफ रेज आहे. 'लिरिकल गँगबँग'ची सुरुवात ती करते आणि पहिल्या चार ओळींत बाकीच्या पुरुषांना खिशात घालते. तिचा स्वतःचा अल्बम डेथ रोने काढला कधी? १९९७ मध्ये. तोवर स्नूपचे दोन येऊन गेले, डॉग पाउंडचा (डॅझ-कुरप्टच्या जोडीचा) आला, टूपॅकचा दुहेरी आला. कॅसेटवाले ज्याला गल्ली म्हणतात त्या गल्लीत तिला कोपऱ्यात उभं केलं होतं.

'इलमॅटिक'वाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. त्या अल्बमवर एकही बाई रॅप करत नाही आणि आयांशिवाय बायका दिसतात त्या बहुतेक बेइमान. फक्त तिथे द्वेषाचा उत्सव नाही, एवढाच फरक. तो फरक मला पुरतो, माझं मत 'इलमॅटिक'ला.

पेठेतला फंकी

@सई_ना, पण ताई, कलाकार आणि कला वेगळी ठेवायला नको का?

सई_ना

@पेठेतला फंकी, मी शेवटच्या ट्रॅकबद्दल बोलले. तो कलेतच आहे. आधी ऐका, मग वेगळं काय करायचं ते करा.

कॅसेटवाला

@सई_ना, त्या ट्रॅकची वकिली मी करणार नाही. रेजबद्दल तर तुमच्याही पुढे जाऊन म्हणतो: डेथ रोने केलेली ती सगळ्यात मोठी नासाडी. अल्बमच्या आवाजाबद्दलचं माझं मत मात्र तिथेच आहे.

दख्खनी

तुम्ही दोन किनारे भांडत बसा. १९९५ च्या ३ ऑगस्टलाही हेच झालं होतं.

न्यूयॉर्कमध्ये 'सोर्स'चा पुरस्कार सोहळा. डेथ रोचा मालक शुग नाइट मंचावर जाऊन न्यूयॉर्कच्या बॅड बॉय कंपनीच्या पफ डॅडीला टोमणा मारतो. स्नूप प्रेक्षकांना विचारतो की तुमचं आमच्यावर प्रेमच नाही का. सभागृह तापलेलं. त्यात नव्या गटाचा पुरस्कार जाहीर होतो आउटकास्टला, अटलांटाच्या दोन पोरांना. प्रेक्षक हुर्यो करतात. त्यातला आंद्रे माइकवर येतो, अडखळतो, आणि एवढंच सांगतो की दक्षिणेला काही म्हणायचं आहे. आज, ३० वर्षांनी, अमेरिकेतलं रॅप कुठल्या शहराच्या उच्चारात बोलतं ते तुम्हाला माहीत आहे.

'इलमॅटिक' १९ एप्रिल १९९४ ला आला. आउटकास्टचा पहिला अल्बम, ज्याचं लांबलचक नाव इथे लिहिताना माझी बोटं दुखतील, तो २६ एप्रिलला. एका आठवड्याचं अंतर! एकाला पाच माइक आणि मखर, दुसऱ्याला वर्षभराने हुर्यो.

आता कॅसेटवाल्यांच्या कसोटीवर लावा: वाजवलेलं संगीत, जागा, गल्ली. ऑर्गनाइज्ड नॉइझ या प्रोड्यूसर चमूच्या तिघांनी हे सगळं त्यांच्यातल्या रिको वेडच्या आईच्या घराच्या तळघरात केलं. मातीची जमीन असलेलं तळघर. डंजन म्हणायचे त्याला. खरा बास, खरी गिटार, वर सोल गायक कर्टिस मेफिल्डची आठवण येईल असं गाणं. जर्सीकरांच्या कसोटीवर लावा: आंद्रे आणि त्याचा जोडीदार बिग बॉय हे ओळीत ओळ गुंफण्यात कोणाहून कमी? आणि मग १९९८ चा त्यांचा तिसरा अल्बम 'अक्वेमिनाय'. 'रोझा पार्क्स'मध्ये मधेच माउथ ऑर्गन सुरू होतो, तो वाजवणारे आंद्रेचे सावत्र वडील, पेशाने पाद्री. लोकांच्या टाळ्या, पायांचे ठोके, माउथ ऑर्गन, जणू चर्चच्या मागच्या अंगणात. 'स्पॉटीओटीडोपालिशस'ची ती ब्रास... सात मिनिटं, आणि कोणी नीट रॅपही करत नाही, गोष्ट सांगतात. क्लबमध्ये भेटलेली मुलगी, संसार, नोकरीसाठी दिलेली चाचणी, नोकरी न मिळणं. संगीत आणि शब्द अशी तुमची वाटणी तिथे लागूच होत नाही.

'अक्वेमिनाय'लाही पाच माइक मिळाले, तेव्हा न्यूयॉर्कचीही जिरली होती. माझं मत: तो दोन्हींपेक्षा मोठा.

जर्सीकर

@दख्खनी, 'अक्वेमिनाय'वर प्रेम आहे, पण चार वर्षांनी आलेला तिसरा अल्बम पहिल्या अल्बमांशी लावणं म्हणजे दहावीच्या मुलाला सातवीत बसवणं. पहिल्याशी पहिला लावा. पहिल्या आउटकास्टमध्ये आंद्रे अजून आंद्रे झालेला नाही. नाझ पहिल्या दिवशी नाझ होता.

दख्खनी

आणि नंतर? पुढच्या पाच वर्षांत नाझने तसा अल्बम पुन्हा केला? माझा मुद्दा तोच आहे. आउटकास्ट वाढत गेले. 'इलमॅटिक' हा पुतळा झाला आणि नाझला आयुष्यभर त्या पुतळ्यासमोर उभं राहून स्वतःची उंची मोजून घ्यावी लागली.

बूमबॅप बाबुराव

थोडी जुनी पानं उलटतो. सगळे जण 'न्यूयॉर्क' हा एकच पक्ष असल्यासारखे बोलताय. क्वीन्सब्रिजचं आणि साउथ ब्रॉन्क्सचं १९८६-८७ मध्ये जे जुंपलं होतं, ते किनाऱ्यांच्या भांडणाच्या कितीतरी आधी. क्वीन्सब्रिजच्या एमसी शॅनने आपल्या वसाहतीचं कौतुक केलं. साउथ ब्रॉन्क्सच्या केआरएस-वनला वाटलं की हे हिप-हॉपचा जन्मच पळवतायत. त्याने 'साउथ ब्रॉन्क्स' आणि 'द ब्रिज इज ओव्हर' काढून क्वीन्सब्रिजला गाडलं. त्यानंतर काही वर्षं त्या वसाहतीतून मोठं काही आलं नाही. नाझचा अल्बम हा लॉस एंजेलिसला दिलेला जबाब नाहीच. तो ब्रॉन्क्सला आहे. पहिल्याच ट्रॅकवर 'वाइल्ड स्टाइल' या जुन्या ब्रॉन्क्सच्या सिनेमाचा आवाज का येतो, विचार करा.

उलट 'क्रॉनिक'मध्ये न्यूयॉर्कला उद्देशून खरोखर काही आहे. ब्रॉन्क्सच्या टिम डॉगने १९९१ मध्ये कॉम्प्टनला शिवी देणारं गाणं काढलं होतं, त्याची वासलात 'ड्रे डे'मध्ये लावलीय, ईझी-ईच्या जोडीनेच. ईझी-ईने १९९३ मध्ये उलट उत्तर दिलं आणि मजा अशी की करारामुळे 'क्रॉनिक'च्या विक्रीचा काही वाटा त्याच्याच खिशात जात होता.

मला हे सगळं आपल्या कलगी-तुऱ्यासारखं वाटतं. कलगीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना सवाल टाकायचे, पण फड एकच असायचा आणि दोघांनाही तेच प्रेक्षक दाद द्यायचे. इथे फड वेगळे झाले, मध्ये कंपन्या आणि मासिकं आली, आणि दाद देणाऱ्यांचेही दोन तट पडले. सप्टेंबर १९९६ आणि मार्च १९९७ ला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. टूपॅक लास वेगासमध्ये आणि न्यूयॉर्कचा रॅपर बिगी लॉस एंजेलिसमध्ये गोळ्यांना बळी पडला. आणि ज्या टूपॅकला पश्चिमेचा झेंडा म्हणून नाचवलं, तो जन्मला होता न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये.

म्हणून मला तुमचं हे 'कोण मोठा' फार गंभीरपणे घेता येत नाही. जुलै १९९६ ला, दोन्ही किनारे एकमेकांच्या जिवावर उठले असताना, नाझचा दुसरा अल्बम आला. त्यातल्या 'नाझ इज कमिंग'चा प्रोड्यूसर कोण होता, ओळखा. डॉ. ड्रे.

खर्डेघाशी

आणि ते गाणं दोघांच्याही शिखरापासून बरंच खाली आहे. बाबुराव, भांडणच बरं होतं म्हणायचं.

बूमबॅप बाबुराव

हाहा. ते मात्र खरं.

वायरमन

मी या धंद्यातला आहे (रेकॉर्डिंग), म्हणून आवाजाबद्दल दोन गोष्टी. दोन अल्बम इतके वेगळे का वाजतात याचं कारण फक्त किनारा नाही, यंत्रं आणि कोर्टही आहे.

लार्ज प्रोफेसर, पीट रॉक यांच्यासारखी मंडळी ई-म्यू एसपी-१२०० हे सॅम्पल साठवून वाजवणारं यंत्र वापरायची. त्यात सगळं मिळून दहाच सेकंदांचं सॅम्पल बसायचं, तेही १२ बिटच्या ढोबळ दर्जात. म्हणून रेकॉर्ड जलद फिरवून सॅम्पल घ्यायचा आणि यंत्रात तो परत खाली आणायचा. त्यात आवाजाला एक खरखरीत पोत येतो, वरचा उजेड जातो. न्यूयॉर्कचा 'मळका' आवाज म्हणून जे प्रेमाने सांगितलं जातं, ते बऱ्याच अंशी या अडचणीचं फळ. तुकडे छोटे म्हणून तेच तेच फिरतं आणि मन शब्दांकडे जातं. जर्सीकर म्हणतात ती खिडकी यंत्राच्या दहा सेकंदांतूनच उघडते.

आता कोर्ट. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने न विचारता सॅम्पल घेतल्याबद्दल बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि न विचारता सॅम्पल घेणं जड जाईल हे सगळ्या कंपन्यांना कळलं. जुना सॅम्पल घ्यायचा तर दोन हक्कांचे पैसे: मूळ ध्वनिमुद्रणाचे आणि रचनेचे. तीच चाल तुम्ही नव्याने वाजवून घेतलीत तर ध्वनिमुद्रणाचा हक्क लागतच नाही, फक्त रचनेचा. ड्रे पुन्हा वाजवून घेण्याकडे आधीपासून झुकला होता. निकालानंतर ते व्यवहारातही शहाणपणाचं ठरलं. आणि वाजवून घेतलेला बास हवा तितका खाली नेता येतो, रेकॉर्डवरच्या खरखरीची कटकट नाही. 'क्रॉनिक' आजच्या स्पीकरवरही नवा वाटतो तो यामुळे. 'इलमॅटिक' जुना वाटतो, आणि जुना वाटावा अशाच रीतीने तो केलाय.

माझं मत विचाराल तर ध्वनिमुद्रण म्हणून 'क्रॉनिक', सहज. घरी मात्र 'इलमॅटिक' जास्त लागतो. धंद्यातला माणूस घरी धंदा ऐकत नाही.

डोंबिवलीचा ओम्या

माझ्या पिढीचं सांगतो. 'क्रॉनिक' २०२० पर्यंत बहुतेक ॲपवर नव्हताच, मध्ये परत गायब झाला, २०२३ मध्ये आला. त्यामुळे आम्ही आधी 'इलमॅटिक' ऐकला आणि 'क्रॉनिक'बद्दल फक्त वाचलं. आणि नाझ तर आपल्याकडे 'गली बॉय'मुळे घरचाच झाला. तो त्या सिनेमाचा कार्यकारी निर्माता होता, डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांबरोबर 'एनवाय से मुंबई'मध्येही आहे. त्यामुळे कॅसेटवाले काका, आमच्याकडे सामना आधीच फिक्स होता.

अवांतर: दिल्लीच्या प्रभ दीपचा 'क्लास-सिख' (२०१७) आणि डिव्हाइनचा 'कोहिनूर' (२०१९) यावर असाच धागा काढा कोणीतरी. दिल्लीवाल्यांना उत्तर द्यायचंय.

कॅसेटवाला

@ओम्या, काढ की तूच. मी येतो भांडायला, पण बहुधा दिल्लीच्या बाजूने.

@वायरमन, तुमच्या प्रतिसादाने माझं अर्धं काम केलं, शेवटच्या दोन ओळी मी वाचल्याच नाहीत असं समजतो.

@जर्सीकर, तुम्ही 'वन लव्ह' आणलात, त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. 'लिल घेटो बॉय' लावा. तिथेही तुरुंग आहे, फक्त दिशा उलटी: माणूस आतून बाहेर येतो आणि गल्लीत बंदुका घेतलेली नवी पोरं त्याची वाट अडवतात. म्हणजे दोन्ही गाणी त्याच बाकावरच्या पोराबद्दल आहेत, आणि ड्रेचं गाणं सोळा महिने आधीचं. तुमच्या नाझने उपदेश केला. ड्रेच्या गाण्यात उपदेश करायला कोणी जागेवरच नाही.

जर्सीकर

गाणं चांगलं आहे, नाकारत नाही. पण नाझने त्या पोराला वय दिलं, बाक दिला, हसू दिलं. ड्रेच्या गाण्यातला पोरगा कोण आहे ते मला एका वाक्यात सांगा. तो नुसता 'नवी पोरं' आहे, तुम्हीही अनेकवचनच वापरलंत.

कॅसेटवाला

त्या पोराबद्दल सोल गायक डॉनी हॅथवे गातो ना. मागे त्याचाच आवाज येतो, १९७२ चा. शब्दांत जे नाही ते त्या आवाजात आहे. ड्रेने तो नेमका तिथे ठेवला.

जर्सीकर

मग तो अर्धा माइक हॅथवेला द्या. जन्म शिकागोचा, वाढला सेंट लुइसमध्ये, तुमच्या किनाऱ्याचा नाही आणि माझ्याही नाही.